गारव्यासाठी अर्ज

मेंढीकोट खेळणाऱ्या बाईच्या पाठीमागून जाताना तिचे पत्ते पाहू नयेत, आणि पाहिलेच तर त्यावर मत देऊ नये, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला गोपनीयता शिकवावी लागत नाही. पण त्या दुपारी मी पाणी प्यायला उठलो होतो, चष्मा डोळ्यांवर होता, आणि शेजारच्या प्रेमलतावहिनी हुकूम म्हणून एक पत्ता पालथा घालत असताना मला तो अगदी स्वच्छ दिसला. तोंडून सहज निघून गेलं, "वहिनी, बदाम काहून झाकता? हातात तर किल्वर आहेत भरपूर."

ज्यांना मेंढीकोट येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौघांचा खेळ, समोरासमोरचे भिडू, आणि दश्श्या जिंकायच्या. त्यात एकाने हुकमाचा पत्ता झाकून ठेवायचा आणि वेळ येईपर्यंत तो स्वतःच्या भिडूलाही कळू द्यायचा नाही. सगळा डाव त्या झाकलेल्या पत्त्यावर उभा असतो. मी तो उघडा केलाच, शिवाय वहिनींच्या हातात काय आहे तेही जाहीर केलं. वहिनींची भिडू माझीच बायको कौशल्या होती, म्हणजे नुकसानही घरचंच झालं.

चौघींनी पत्ते खाली ठेवले. गोपिकाबाईंनी चष्मा काढून डबीत घातला. समोरच्या घरची सून हिमानी उगाच मोबाईल चाळू लागली. प्रेमलतावहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "कौशल्याबाई, उद्यापासून आमच्याकडं बसू वं. वरच्या माळ्यावर."

यातलं 'वरच्या माळ्यावर' महत्त्वाचं. आमच्या प्रताप नगरात वामनराव आणि प्रेमलतावहिनींचं घर आमच्या भिंतीला लागून आहे. खाली भाडेकरू, वर ते दोघं, आणि वर जायला लोखंडी गोल जिना. कौशल्येच्या गुडघ्याने सरळ जिन्यांशीच संबंध तोडलेले. गोल जिन्याचं तर नावही काढायला नको. बरं, तिची जागा रिकामी राहील आणि मैत्रिणी हळहळतील, अशीही आशा नव्हती. कन्हानहून वहिनींची बहीण उन्हाळा काढायला येणार होती आणि ती मेंढीकोटात पटाईत आहे, असं मीच वहिनींच्या तोंडून अनेकदा ऐकलेलं होतं.

संध्याकाळी कौशल्येने मला चहा दिला आणि समोर बसली.

"अजी, तुमी माणूस चांगले आहा," ती म्हणाली.

नोकरीत मी अनेक गोपनीय अहवाल लिहिले आहेत. पहिलं वाक्य असं असलं की दुसरं कसं असतं हे मला पाठ आहे.

"पण दिवसभर आहा," ती म्हणाली.

ती पुढे म्हणाली, "तुमी नोकरीवर होते तेव्हा दुपार माही होती. आता तुमी सोफ्यावर बसून राहता, आमी बोलतो ते ऐकून राहता, अन् मधामधात दुरुस्ती करून राहता. गोपिकाबाई बोलल्या का नवेगावचा तलाव भंडाऱ्यात आहे, तं तुमी गोंदिया म्हणून सांगितलं."

"पण तो गोंदियातच आहे."

"असन ना! तिचा भाऊ राह्यते तिथं, तिले जाऊ द्या का तिच्या भंडाऱ्यात! मले माही दुपार पाहिजे. जेवण झाल्यावर चहापर्यंत हॉलमंधी दिसू नका. मी त्यायले बोलावून घेते परत. कन्हानवाली यायच्या आधी."

"मग मी कुठे जाऊ? बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे."

"ते तुमी पाहा. इतके वर्षं साहेब होते ना."

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपलं घर आपल्याला पाठ आहे असं मी समजत होतो, पण मला ठाऊक होतं ते सकाळचं घर आणि संध्याकाळचं घर. दुपारचं घर मी कधी पाहिलेलंच नव्हतं. त्याचे नियम वेगळे होते, त्याची हसण्याची पद्धत वेगळी होती, आणि मी आत शिरलो की ते हसणं बंद पडायचं. हे माझ्या लक्षात आलेलं होतं. वाईटही वाटायचं. पण नागपुरात मे महिन्याच्या दुपारी वाईट वाटून घ्यायलासुद्धा कूलरसमोर बसावं लागतं, आणि आमच्या घरात कूलर एकच, हॉलमध्ये.

पहिल्या दिवशी मी वाचनालयात गेलो. ते दुपारी बंद असतं. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो, कारण तिथे एसी असतो. गार्डने टोकन घ्यायला लावलं. टोकन घेतलं की नंबर येतो, आणि नंबर आला की काहीतरी काम सांगावं लागतं. मी पासबुक भरून घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही भरायला दिलं, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, कालपासून एकही एन्ट्री नाही." ती सभ्यपणे बोलली, पण मागच्या रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा त्या शाखेत गेलो नाही.

उरली मागची खोली. तिचं तोंड पश्चिमेला. तिथे आम्ही जास्तीच्या गाद्या, रिकामं सिलिंडर आणि मुलाच्या इंजिनीअरिंगच्या पुस्तकांची खोकी ठेवतो. दुपारी त्या खोलीत पापड नुसता ठेवला तरी भाजून निघेल. पण खोली होती, तिला खिडकी होती, आणि दार लावलं की मी हॉलमधून दिसणार नव्हतो. तिथे दुसरा कूलर बसवायचा मी निर्णय घेतला.

पुण्याहून जितेंद्रचा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, मी एसी लावून देतो. उद्या माणूस येईल." मी नको म्हणालो. एसीने अंग आखडतं, सांधे धरतात, असं त्याला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. स्वतःच्या घरात बसायला जागा मिळवणं हे काम तरी मुलाने करून देऊ नये, असं मला वाटलं.

शिवाय आमच्या गच्चीवर एक जुना कूलर होता. पत्र्याचा, दांडगा, एकेकाळी संपूर्ण घर गार करणारा. नवा आला तेव्हा त्याला वर नेऊन ठेवला आणि विसरलो. झाकण उघडलं तर आत कबुतरांचा संसार. त्यांना उठवताना मला फार बरं वाटलं नाही, कारण माझीही परिस्थिती साधारण तीच होती.

कूलर खाली उतरवताना वामनराव त्यांच्या गॅलरीत उभे राहून दिग्दर्शन करत होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. सूचना दिल्याशिवाय त्यांचं अन्न पचत नाही.

"मधुभाऊ, कूलर खोलीत नका ठेवू जी! बाहेर ठेवा. तोंड आत, धड बाहेर. नाही तं आतली तेच हवा फिरत राह्यते, अन् तुमी ढोकळ्यासारखे वाफवून निघान."

"बाहेर म्हणजे बोळीत?"

"हाव. अन् स्टँड लोखंडी नको. करंट मारते. लकडगंजले जा, सागवानी बनवून घ्या."

मी लकडगंजला गेलो. सागवानी स्टँड करून आणला. तो इतका सुबक झाला की कौशल्या म्हणाली, यावर देव बसवा. कूलर ठेवून पाहिला तर खिडकीपेक्षा वीतभर उंच. मग स्टँडचे पाय कापले. ते कापले तर कूलर खिडकीत आला, पण खिडकीची जाळी आड आली. जाळी कापायला वेल्डर बोलावला. त्याने जाळी कापली आणि तिच्याबरोबर चौकटही हलवली. चौकट बसवायला मिस्त्री आला. तो म्हणाला, चौकट बसवतो, पण भिंत पोकळ वाजून राहिली. मी त्याला भिंत वाजवायची नाही अशी सक्त ताकीद दिली.

इथपर्यंत सगळं सामान्य होतं. मध्यमवर्गीय माणूस घरात खिळा ठोकायला घेतो तेव्हा एवढं व्हायचंच. खरा घोटाळा मी केला तो पुढे, आणि तो माझ्यासारख्याच माणसाला करता येतो.

आमचं घर आणि वामनरावांचं घर यांच्यामधली बोळ सोसायटीची आहे. तिथे कोणी काही ठेवावं किंवा ठेवू नये, याची कधी कोणी चौकशी केलेली नाही. वामनरावांची खाट तिथे असते, भाडेकरूची सायकल असते, कोणाचं तरी तुळशीवृंदावन अनेक वर्षं पडलेलं आहे. पण मी विचार केला, आपण नियमाने वागलेलं बरं. फार दिवसांनी मी कोरा कागद पुढे घेतला, समास सोडला आणि लिहिलं, 'विषय: मागील खोलीकरिता वातशीतक बसविण्याच्या प्रयोजनार्थ सोसायटीच्या बोळीतील जागेचा हंगामी वापर करू देणेबाबत.' हात कसा सुटला म्हणून सांगू! दोन पानं झाली. सोबत नकाशा जोडला. आवक क्रमांकासाठी उजव्या कोपऱ्यात जागा सोडली.

सोसायटीचा सचिव दुर्गेश हा तरुण मुलगा आहे. त्याने अर्ज वाचला, पालटून पाहिला आणि म्हणाला, "काका, लावून टाका ना. कोण विचारते?"

"दुर्गेश, नियम म्हणजे नियम."

"पण नियम कोणता आहे?"

"तो तू शोध," मी म्हणालो.

आणि त्याने शोधला. नियम सापडला नाही, पण अर्ज आला म्हणजे काहीतरी विषय असणार, असं वाटून त्याने तो कमिटीच्या ग्रुपवर टाकला. तोपर्यंत ज्यांना त्या बोळीचं अस्तित्वही माहीत नव्हतं त्यांना तिच्याबद्दल मतं सुचू लागली. एकाने विचारलं, पाणी सांडून डास झाले तर जबाबदार कोण? दुसऱ्याने लिहिलं, आज कूलर येतो, उद्या गॅरेज येईल. तिसऱ्याने नमस्काराचं चित्र टाकलं, ते होकार म्हणून धरावं की सुप्रभात म्हणून, यावर वाद झाला. शेवटी असं ठरलं की कमिटीने जागेची पाहणी करावी, आणि त्याआधी अर्जदाराने लगतच्या शेजाऱ्याचं नाहरकत पत्र सादर करावं.

मी वामनरावांकडे गेलो. ते खिशाला लावलेला पेन काढून तयारच होते. मजकूर वाचला आणि पेन परत खिशाला लावला.

"मधुभाऊ, यात घरमालकाची सही लिहिलं आहे."

"मग करा की."

"घर मिसेसच्या नावावर आहे गा. मी निस्ता राह्यतो."

प्रेमलतावहिनी आतच होत्या. त्यांनी बाहेर येऊन विचारलंही नाही.

दरम्यान मिस्त्रीच्या मागे मी लागलो होतो. कूलर मिस्त्री, नाव विक्की. नागपुरात उन्हाळ्यात कूलर मिस्त्रीचा भाव नवरदेवापेक्षा जास्त. केव्हाही फोन केला तरी विक्की म्हणायचा, "येऊन राहिलो, काकाजी." तो नेहमीच येऊन राहिलेला असायचा. एक दिवस मात्र तो खरोखर आला, भर दुपारी, तोंडाला रुमाल बांधून. माझ्याकडे नाहरकत पत्र नव्हतं, पाहणी झालेली नव्हती. पण विक्की परत गेला तर पावसाळ्यात येणार. मी तत्त्व आणि गारवा यांच्यामध्ये उभा राहून क्षणभर विचार केला, आणि मला शासकीय मार्ग सापडला. कूलर बसवायला परवानगी लागते, चाचणी घ्यायला लागत नाही.

विक्कीने वाळ्याच्या ताट्या लावल्या, पंप बसवला, मोटरच्या वायरी जोडल्या. इतक्यात त्याला दुसरा फोन आला. "पाणी भरून चालू करा काकाजी, मी येऊनच राहिलो," असं म्हणून तो स्कूटरवर बसून गेला.

मी टाकी भरली. कौशल्येला दाखवायला बोलावलं. ती रबरी चप्पल घालून दाराशी उभी राहिली, कारण नागपूरच्या बायका कोणत्याही कूलरवर एवढाच विश्वास ठेवतात. मी बटण दाबलं. पंखा प्रचंड आवाज करत फिरू लागला. खोलीत मात्र झुळूकही आली नाही. मी वेग वाढवला. आवाज वाढला. वाळ्याचा वाससुद्धा येईना. आणि बोळीतून ओरडणं ऐकू आलं.

विक्कीने वायरी उलट जोडल्या होत्या. पंखा हवा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकत होता, भिजलेल्या ताट्यांमधून, पाण्यासकट. बोळीत वामनराव ताट्या नीट बसल्या की नाही हे तपासायला उभे होते, ते डोक्यापासून धोतरापर्यंत भिजले. त्यांची तक्रार नव्हती. "चांगलं थंड पाणी आहे गा," असं ते म्हणाले. पण त्यांच्या मागे खाट होती. खाटेवर स्वच्छ धुतलेलं पातळ. पातळावर प्रेमलतावहिनींच्या कुरड्या. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून, साच्यातून घातलेल्या वर्षाच्या कुरड्या. त्यांचा पुन्हा चीक झाला होता.

वहिनी जिना उतरून खाली आल्या. खाटेकडे पाहिलं. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"भाऊजी, आधी माहा हुकूम फोडला. आता कुरड्या बुडवल्या. तिसरं काय ठरवून राहिले ते आताच सांगून ठेवा."

मी अजून काही ठरवलेलं नाही, असं प्रामाणिक उत्तर दिलं. ते द्यायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी कन्हानची बहीण आली. इतके दिवस बंद पडलेला डाव त्याच दुपारी वरच्या माळ्यावर बसला. वामनरावांच्या खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. कोणीतरी दश्शी मारली की ओरडा व्हायचा, मग चौघींचं हसणं. त्यात एक आवाज नवा होता.

मी मागच्या खोलीत खोक्यांवर बसलो होतो. पाणी घ्यायला बाहेर आलो तर कौशल्या हॉलमध्ये एकटी बसलेली. कूलर सुरू होता, समोर चटई घातलेली होती, आणि ती नुसते पत्ते पिसत होती. पिसून ठेवायची, पुन्हा उचलून पिसायची. वर हसणं झालं की तिचा हात थांबायचा. मला पाहून ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बसा आता हॉलमंधी. कोणी येत नाही." मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तिला दुपारी एकटं ठेवून कचेरीत जात होतो तेव्हा ती एकटी नव्हती, आणि आता मी घरात होतो तर ती एकटी पडली होती.

मी आत जाऊन कागद घेतला. 'खुलासा' असं वर लिहून अधोरेखित केलं. कौशल्येने मागून येऊन ते पाहिलं.

"कागद नका नेऊ," ती म्हणाली. "तुमी जा."

मी तो गोल जिना चढून गेलो. चौघींनी पत्ते छातीशी धरले. गोपिकाबाईंनी तर पदराखाली घेतले. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, म्हणजे कोणाला शंका नको, आणि भिंतीलाच म्हणालो, "वहिनी, चूक माझी आहे. हुकमाचीही आणि कुरड्यांचीही. कौशल्येला त्याची शिक्षा नको. मी दुपारी हॉलमध्ये दिसणार नाही, तोंडही उघडणार नाही."

वामनरावांनी आतून "आता सही करून दे वं" असं सुचवलं, त्यांना गप्प बसवण्यात आलं.

"परवा नवा चीक शिजवून राहिली मी," प्रेमलतावहिनी म्हणाल्या. "घाटायले माणूस पाहिजे. अन् कुरड्या वाळेपर्यंत कावळे हाकलायले. मंग पाहू सहीचं."

चीक घाटणं हे काय प्रकरण आहे ते ज्याने घाटला त्यालाच माहीत. चूल अंगणात, पातेलं मोठं, आणि चाटू थांबला की गुठळी. गुठळी झाली की वहिनी काही बोलत नसत, फक्त बहिणीकडे पाहत. माझा हात खांद्यापासून गेला. त्यानंतर मी बोळीच्या तोंडाशी, खाटेजवळ खुर्ची टाकून, एका हातात काळी छत्री आणि दुसऱ्या हातात वेळूची काठी घेऊन बसलो. कावळे येत. मी काठी आपटी. ते समोरच्या भिंतीवर बसून माझ्याकडे पाहत, मी त्यांच्याकडे पाही. ज्या माणसाच्या सहीशिवाय कालव्याची फाईल हलत नसे तो डोक्याला ओला टॉवेल बांधून कावळ्यांना हाकलतोय, हे दृश्य प्रताप नगरातल्या बहुतेक लोकांनी कामाशिवाय त्या बाजूने जाऊन पाहिलं.

आणि नेमकी त्याच वेळी कमिटी पाहणीला आली. दुर्गेशच्या हातात माझा अर्ज होता, बरोबर दोन ज्येष्ठ सभासद.

"काका, अर्जदार कुठे आहेत?" त्याने टॉवेलमुळे मला न ओळखता विचारलं.

"मीच," मी म्हणालो, आणि एका कावळ्याला काठी दाखवली.

त्यांना मी खोलीत नेलं. विक्की आदल्या दिवशी येऊन वायरी सुलट करून गेला होता. तो आला याचं मलाही आश्चर्य वाटलं. मी बटण दाबलं. वाळ्याचा गार वास खोलीभर पसरला. कमिटी उभी होती ती खोक्यांवर बसली. त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने एका ज्येष्ठ सभासदांचे डोळे मिटले. दुर्गेश त्यांना उठवायला गेला तेव्हा ते म्हणाले, "पाहणी सुरू आहे." कौशल्येने सगळ्यांना पन्हं दिलं. ऊन उतरल्यावर पाहणी संपली. परवानगी मिळाली, पण अट घालून. कूलर पावसाळ्यात हलवायचा आणि दरवर्षी नव्याने अर्ज करायचा. ती अट घालायची सूचना मीच केली होती.

कुरड्या वाळल्या. वहिनींनी एक तळून चाखली आणि मग सही केली. हिमानी मुलांना घेऊन माहेरी गेली होती, त्यामुळे तिच्या जागी कन्हानची बहीण बसली आणि डाव आमच्या हॉलमध्ये परत आला. पहिल्या दिवशी चौघीजणी दारातून आत येताना आधी सोफ्याकडे पाहून घेत होत्या. सोफा रिकामा होता. मी दार लावून मागच्या खोलीत होतो.

त्या दुपारचं वर्णन करणं कठीण आहे. खोलीत अंधार, ताट्यांमधून ठिबकणारं पाणी, अंगावर पातळ चादर घ्यावी असा गारवा. मी गादीवर आडवा झालो. माझी स्वतःची खोली, माझा स्वतःचा कूलर, सोसायटीच्या मान्यतेने. मी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी तर मुळीच नाही. अडचण अशी होती की कूलरचा आवाज मोठा होता. जुना पत्रा, जुना पंखा. त्या आवाजात हॉलमधलं काही ऐकू येत नसे. मधूनच दाराच्या फटीतून काहीतरी उसळून यायचं, चौघी एकदम हसायच्या, आणि पुन्हा कूलर सगळं गिळून टाकायचा. त्या कशाला हसतायत? मी पुस्तक उघडलं. मिटलं. पुन्हा हसणं आलं, या वेळी कौशल्येचं, अगदी दम लागेपर्यंत. असं ती माझ्यासमोर कधी हसल्याचं मला आठवेना.

मी उठलो आणि कूलर बंद केला.

खोली क्षणात तापू लागली. मी दारापाशी खाली जमिनीवर बसलो आणि कान लावला. कौशल्या गोष्ट सांगत होती. माझीच. "...अन् हे काठी घेऊन बसले! तं कमिटीवाला विचारते, अर्जदार कुठी आहे? हे म्हणतात, मी! अन् एक कावळा यायच्या टॉवेलवरच येऊन बसला!"

कावळा टॉवेलवर बसला नव्हता. भिंतीवर बसला होता. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. पुढे तिने कूलर सुरू होताच वामनरावांचं धोतर उडून खांबाला अडकलं असं सांगितलं, कमिटीचे तिघेही घोरू लागल्याचं सांगितलं. एकही गोष्ट जशी घडली तशी नव्हती. प्रत्येक गोष्ट घडली त्यापेक्षा चांगली होती. मी घामाने निथळत होतो आणि हसू दाबायला तोंडात टॉवेलचं टोक धरलेलं होतं.

इतक्यात दार उघडलं. खोक्यांवर ठेवलेला डबा घ्यायला कौशल्या आत आली होती. मी जमिनीवर, दाराच्या कडेला, ओलाचिंब. तिने कूलरकडे पाहिलं.

"काहून बंद केला?"

"लाइट गेली," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं. छताचा पंखा आपल्या गतीने फिरत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. डबा घेतला. बाहेर गेली. दार लावायला वळली, आणि तसंच उघडं ठेवून गेली.

"तं काय सांगून राहिली होती मी," हॉलमधून तिचा आवाज आला, आधीपेक्षा चढा. "हे अर्ज घेऊन गेले सोसायटीत, दोन पानाचा, नकाशासकट..."

"अवं, हे तं सांगून झालं तुहं!" गोपिकाबाई म्हणाल्या.

"झालं असन," कौशल्या म्हणाली. "पुन्हा ऐका."